औषध नंतर, आधी ताट बदला

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरामागच्या जागेत आठ मोठ्या कोंबड्या आहेत, काही गावरान, काही गिरिराज. शिवाय एक कोंबडा आणि खुडूक कोंबडीनं काढलेली पाच आठवड्यांची पिल्लं. पाऊस लागल्यापासून सगळ्यांची शीट पातळ झाली आहे. दोन पिल्लं मेली, आणखी तीन पंख पाडून, अंग फुलवून कोपऱ्यात उभी असतात आणि त्यांच्या शिटेत लाल दिसतं. एका गिरिराज कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी सकाळीसुद्धा फुगलेली असते आणि चोचीला आंबट वास येतो. शेजारच्या काकांनी मेडिकलमधून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून दिली, ती फोडून पाच दिवस सगळ्यांच्या पाण्यात घातली, तरी गुण नाही. खायला घरातला आणि बाजूच्या सोसायटीतून येणारा उरलेला भात, चपात्या, बेकरीचा शिळा पाव, वर मूठभर गहू. ताई विचारतात, कोणतं औषध देऊ? अंडी खाल्ली तर चालतील का? वासावरून शेजारी बोलतात त्याचं काय करू? आणि सासरे म्हणतात की गटारीला सगळ्या कापू आणि मोकळं होऊ, त्यांना काय सांगू?

ताई, पत्र वाचताना सगळ्यात आधी पिल्लांकडे लक्ष गेलं, म्हणून तिथूनच सुरू करते. बाकीचं दोन दिवस थांबू शकतं, हे थांबणार नाही.

पाच आठवड्यांचं वय, पावसाळा, ओली जमीन, पंख पाडून बसणं आणि शिटेत रक्त, ही रक्ती हगवणीची लक्षणं आहेत. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि अस्तर फाडून बाहेर पडतो. त्याची अंडी शिटेतून जमिनीवर येतात. ओलावा आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती संसर्ग करण्याजोगी होतात, आणि पिल्लू दाणा टिपताना तीच गिळतं. घणसोलीतल्या आषाढात ओलावाही आहे आणि ऊबही. मोठ्या कोंबड्यांना लहानपणीच हा संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्या आजारी दिसत नाहीत, पण त्यांच्या शिटेतून तो पसरत राहतो. म्हणून पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एकाच ओल्या जमिनीवर ठेवणं धोक्याचं.

यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. बहुतेक वेळा पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम देतात. ते किती आणि किती दिवस द्यायचं हे मात्र पशुवैद्यकांनीच सांगायला हवं. उद्या सकाळी मेणकागदावर किंवा स्वच्छ प्लास्टिकवर पडलेली ताजी शीट एका डबीत घ्या आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या परजीवीची अंडी दिसतात, म्हणजे अंदाजानं औषध द्यावं लागत नाही. जाणं जमत नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी तो आहे. एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. पिल्लं अशक्त झाली म्हणून अनेकजण त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाण्यात घालतात. अँप्रोलियम त्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच ते काम करतं. आपणच बी-१ पाजलं तर औषधाचा जोर कमी होतो. टॉनिक द्यायचंच तर कोर्स संपल्यावर द्या.

औषधाइतकीच महत्त्वाची कोरडी जागा. आजच पिल्लांना आईसह वेगळ्या, छपराखालच्या कोरड्या जागेत हलवा. जुनं ओलं अंथरूण पूर्ण काढा आणि भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. भांड्याभोवतीचा भाग रोज ओला होतो, तेवढा रोज बदला. फिनाईल ओतून हा परजीवी मरत नाही. त्याची अंडी साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. हळद-लसणाचं पाणीही बऱ्याच घरांत देतात. त्यानं नुकसान नाही, पण रक्त पडत असताना त्या भरवशावर दोन दिवस घालवले तर पिल्लू हातचं जातं.

आता ती पिशवी फुगलेली कोंबडी. कोंबडीला दात नाहीत. ती खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, भिजतं, मऊ होतं, मग हळूहळू पुढे जठरात आणि तिथून पेट्यात जातं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो पेटा म्हणजे तिचं जातं. जाड स्नायूंच्या त्या पिशवीत खडे असतात आणि दाणा त्यावर दळला जातो. रात्री कोंबडी काही खात नाही, म्हणून पहाटे गळ्याखालची पिशवी रिकामी, सैल लागायला हवी. संध्याकाळी खुराड्यात जाताना भरलेली आणि सकाळी दाणा टाकायच्या आधी रिकामी, हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खरं तपासणीचं माप आहे. यासाठी पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडीची पिशवी चाचपायची सवय लावा.

तुमच्या कोंबडीची पिशवी सकाळी भरलेली आहे आणि वास आंबट आहे, म्हणजे आत अन्न अडून आंबलं आहे. हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी लागत असेल तर बहुधा आत कँडिडा जातीची बुरशी वाढली आहे. कडक गोळा लागत असेल तर काहीतरी अडकलं आहे. लांब गवत, दोरा, प्लास्टिकची पट्टी किंवा पावाचा चिकट लगदा असू शकतो. दोन्हींची काळजी वेगळी आहे, म्हणून आधी चाचपून बघा.

मऊ असेल तर तिला वेगळी ठेवा, बारा तास खाणं बंद, स्वच्छ पाणी पुढे राहू द्या. दुसऱ्या सकाळी पिशवी उतरली असेल तर थोडं थोडं लेअर खाद्य, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, पाण्यात भिजवून द्या. उतरली नसेल तर दवाखाना, कारण बुरशीवरचं औषध लागतं आणि ते मेडिकलमधल्या अँटिबायोटिकपेक्षा वेगळं असतं. कडक असेल तर चोचीच्या कडेनं ड्रॉपरनं खोबरेल तेलाचे काही थेंब सावकाश गिळू द्या आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटांनी हलकेच चोळा. दोन दिवसांत गोळा सुटला नाही तर पुढचं काम डॉक्टरांचं. काहीजण कोंबडी उलटी धरून पिशवी दाबतात आणि घाण बाहेर काढतात. ते अजिबात करू नका. तो द्रव श्वासनळीत गेला तर कोंबडी हातातच मरू शकते.

मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. त्या काकांनी चांगल्या मनानं कॅप्सूल दिली, पण तिनं पिशवीचा त्रास कदाचित वाढवलाच असेल. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं. रक्ती हगवण जिवाणूंमुळे होत नाही आणि आंबलेल्या पिशवीतली बुरशीही जिवाणू नव्हे. उलट आतड्यातले चांगले जिवाणू मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना औषधापेक्षा खाण्याची दुरुस्ती हवी आहे. त्यांचा आजार ताटातून आला आहे.

भात वाईट नाही. पण तो किती आणि कशाच्या जागी जातो ते बघा. अंडी घालणारी मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, गिरिराज अंगानं मोठी असल्यानं थोडं जास्तच. तेवढ्या खाद्यातून तिला १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम मिळायला हवं. एका अंड्याच्या कवचातच सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोरड्या तांदळात प्रथिनं सातेक टक्के. शिजला की पाणी मिसळून ती तीनेक टक्क्यांवर येतात, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. कोंबडीचं पोट मात्र भातानं भरतं, ती बाकी काही टिपत नाही. सोसायटीतून आलेल्या भातात फोडणी, तेल, मीठ, कधी आंबायला लागलेली डाळही असते. कोंबडीला जादा मीठ सोसत नाही. ती सारखी पाणी पिते आणि शीट पातळ होते. पावाचं तर सांगायलाच नको, पाण्यात पडलेला पाव हाताला कसा चिकटतो ते बघा, तोच लगदा पिशवीत होतो.

शेजाऱ्यांना नाही म्हणणं अवघड जातं हे मला कळतं. गावठाणात कोणी प्रेमानं ताट आणून दिलं की परत कसं पाठवायचं. पण पुढे गणपती आहेत, त्या दिवसांत पुऱ्या, मोदक, भजी, मसालेभात यांचे डबेच्या डबे येतील. आत्ताच सांगून ठेवा की आम्हाला भाजीचे देठ, माठ-पालकाची पानं, कलिंगड-पपईच्या साली, दुधीचं बी असलं हिरवं द्या, शिजवलेलं नको. लोक ऐकतात, आणि ओला कचरा वेगळा करायची सवय असलेल्या सोसायटीत हे सहज जमतं. घरचा उरलेला भात द्यायचाच तर एका कोंबडीला एक-दोन चमचे, तोही त्याच दिवशीचा, संध्याकाळी, मुख्य खाद्य खाऊन झाल्यावर. दोन तासांत संपला नाही तर उचला. कच्चे वाल, कच्चा राजमा, हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली आणि बुरशी धरलेलं काहीही तिच्यासमोर जाऊ देऊ नका.

मुख्य खाद्य म्हणून तयार लेअर खाद्य घ्या, मी तरी तेच सुचवेन. आठ कोंबड्यांना दिवसाला किलोभर धरा. कोंबडाही तेच खाणार, म्हणजे महिन्याला पस्तीस किलोच्या आसपास. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा. घरी मिसळायचं असेल तर दहा किलोसाठी भरडलेला मका पाच किलो, तांदळाचा कोंडा एक किलो सातशे ग्रॅम, सोयाबीनची पेंड दोन किलो, सुकी मासळी तीनशे ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा आठशे ग्रॅम आणि राहिलेल्या दोनशे ग्रॅममध्ये कोंबड्यांसाठी मिळणारं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण आणि तीसेक ग्रॅम मीठ. मासळी खारवलेली असेल तर वेगळं मीठ घालूच नका, आणि खारवलेली नसेल तर ती जास्त बरी. शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळते, पण पावसाळ्यात तिला बुरशी फार लवकर धरते. या दिवसांत मी ती टाळते.

बुरशीबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण खाडीच्या हवेत हा त्रास चार महिने सोबत असतो. मक्यावर आणि पेंडीवर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते कोंबडीच्या यकृतावर जातं, भूक मंदावते, अंडी घटतात, वाढ खुंटते, आणि रोगप्रतिकार कमी झाल्यामुळे लसही नीट लागत नाही. वास आला म्हणून मका उन्हात वाळवला, धुतला, उकळला तरी विष जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. गोणीत गाठी झाल्या, हिरवट-काळी पूड दिसली, कुबट वास आला, तर ती गोणी टाकून द्या. पैसे जातात, वाईट वाटतं, पण ती 'थोडी थोडी मिसळून' संपवू नका. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. उंदरांचाही बंदोबस्त त्यात होतो.

गव्हाचे, मक्याचे आख्खे दाणे दिले तर पेट्यात खडे हवेत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः वेचतात. पण तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मागच्या बऱ्याच भागावर लादी आहे, तिथे वेचायला काय मिळणार? ज्वारी-तुरीच्या दाण्याएवढे कठीण काळ्या दगडाचे खडे धुऊन एका वाटीत कायम ठेवा. दुसऱ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. तुमच्याकडे तिसऱ्या-कालवं घरी येतात, त्यांची कवचं फेकू नका. उकळा, ऊन मिळेल तेव्हा कडक वाळवा आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. पण शिंपले खड्यांची जागा घेत नाहीत. ते पोटातल्या आम्लात विरघळतात, दळायला उपयोगी पडत नाहीत. आणि मिश्रणात चुरा घातला असला तरी वाटी वेगळी असू द्या, जिला लागेल ती खाईल. पिल्लांना मात्र लेअर खाद्य देऊ नका. इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. त्यांना २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य लागतं, आठव्या आठवड्यापर्यंत तरी. त्यांचं भांडं अशा जाळीआड ठेवा की पिल्लू आत शिरेल, मोठी कोंबडी शिरणार नाही.

पाण्याचं लवकर सांगते. नळाचं पाणी चालतं. एका कोंबडीला रोज पाव लिटर धरा, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भांडं रोज आतून हातानं घासा, कारण बुळबुळीत थर जमतो आणि सगळे जंतू त्यात राहतात. गटारालगतचं साचलेलं पाणी बंद करा, जाळी लावून का होईना.

पातळ शिटेची सगळ्यांनाच भीती वाटते, म्हणून हेही. चांगली शीट तपकिरी-हिरवट, आकार धरलेली, वर पांढरी टोपी असलेली. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवीच. दिवसातून दोन-तीन वेळा मात्र चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची शीट पडते. ती आतड्याच्या दोन बंद टोकांतून येते आणि निरोगीपणाचंच लक्षण आहे. तिला हगवण समजून औषधं सुरू करणारे खूप भेटतात. उन्हात धापा टाकून पाणी प्यालेल्या कोंबडीची शीटही पातळ पडते. काळजीची शीट म्हणजे रक्ताची, सतत पाण्यासारखी, किंवा गडद हिरवी आणि सोबत कोंबडी सुस्त. हिरवी-पांढरी हगवण, धाप, मान वाकडी होणं असं दिसलं तर मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो. त्याला औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात द्यायची लासोटा ही लस आणि पुढचे डोस झाले आहेत का, तेही उद्याच डॉक्टरांना विचारा. जंतही तपासून घ्या, त्याच शिटेच्या नमुन्यात होतं.

आणि एकाएकी चार-पाच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर हा सल्ला बाजूला ठेवा. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, खाडीत किंवा कचराकुंडीत टाकू नका, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता. आपल्या भागाला तो परका नाही. तुमच्या पत्रातली लक्षणं तशी नाहीत, घाबरू नका.

शेजाऱ्यांच्या तक्रारीचं उत्तर याच सगळ्यात आहे. कोरड्या शिटेला फार वास येत नाही, ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो. भात बंद झाला, तूस कोरडं राहिलं की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल. काढलेलं तूस महिनाभर झाकून कुजवा आणि सोसायटीच्या कुंड्यांना द्या. ताज्या शिटेचं खत झाडं जाळतं, म्हणून कुजवल्याशिवाय नको.

अंड्यांचं स्पष्ट सांगते. पाण्यात कोणती कॅप्सूल घातली तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून घ्या. तोवरची अंडी घरात खाऊ नका, विकू नका, कोणाला भेटही देऊ नका. पुरून टाका. लहान मुलांना खुराडं झाडायला लावू नका, आणि तुम्हीही नंतर साबणानं हात धुवा.

राहिले सासरे. त्यांना सांगा की औषध पोटात असलेली कोंबडी कापून खायची नसते, आजारी तर नाहीच. त्यामुळे या गटारीला तुमच्या अंगणातली एकही कोंबडी कापता येणार नाही, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. जमलं तर उद्या दवाखान्यात त्यांनाच सोबत न्या. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात शिटेची डबी दिली आणि डॉक्टर त्याच्याशी बोलले की खुराड्याची निम्मी जबाबदारी ते स्वतःहून घेतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तूस बदलायचं काम त्यांच्याकडे द्या, पिशव्या चाचपायचं तुमच्याकडे ठेवा. शीट तपासून काय निघालं आणि त्या गिरिराज कोंबडीची पिशवी मऊ होती की कडक, ते मला कळवा. पिल्लांच्या लसींचं वेळापत्रक मग त्याप्रमाणे लिहून पाठवते.